गाणं रक्तातून येत नाही

कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात जन्मतं, कावळीच्या चोचीतून खातं, दिवसभर कावकाव ऐकतं. मग मोठं झाल्यावर ते 'कुहू' कुठून आणतं? सहावीच्या वर्गात मराठीचा तास चालू असताना एका मुलाने हा प्रश्न विचारला. कोकिळा धड्यात होती, प्रश्न धड्याबाहेरचा होता. मी भाषेची शिक्षिका. उर्दू आणि मराठी या दोन विषयांवर माझं घर चालतं. त्याला विज्ञानाच्या सरांकडे पाठवून मोकळं होता आलं असतं, पण मला तो प्रश्न भाषेचाच वाटला. आपण ज्यांच्यात वाढतो त्यांची बोली आपल्याला येणारच, हे त्या मुलाने गृहीत धरलं होतं. माणसांबद्दल ते खरंही आहे. मग कोकिळेच्या बाबतीत काय झालं?

सोमवारी सांगते म्हणाले आणि वाचायला बसले. ते वाचन पुढे वर्षभर चाललं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवते.

त्या मुलाचं उत्तर सोपं निघालं. कोकिळेला गाणं शिकावं लागत नाही. ते जन्मासोबत येतं. (आणि गातो तो नर कोकिळ, मादी नव्हे, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांना आणि कवींना कितीही सांगितली तरी पटत नाही.) कोंबड्याला आरवायला कुणी शिकवत नाही, कबुतराला घुमायला कुणी शिकवत नाही, तसंच हे. जी जात दुसऱ्याच्या घरात पिल्लं वाढवते, तिला गाणं अंगातच बांधून द्यावं लागतं. नाहीतर दोन पिढ्यांत सगळ्या कोकिळा कावकाव करू लागल्या असत्या.

पण सगळे पक्षी असे नाहीत. दयाळ, बुलबुल, शिंपी हे ज्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या कुळात येतात, त्या कुळातल्या पक्ष्यांना गाणं ऐकून शिकावं लागतं. पोपटांचंही तसंच, हमिंगबर्डचंही तसंच. केंब्रिज विद्यापीठात विल्यम थॉर्प नावाच्या शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात चॅफिंच या छोट्या पक्ष्याची पिल्लं आपल्या जातभाईंच्या आवाजापासून दूर वाढवली. पिल्लं मोठी झाली, गाऊ लागली, पण ते गाणं ओबडधोबड होतं. चॅफिंचच्या गाण्यातली वळणं त्यात नव्हती. गळा होता, गाण्याची ओढ होती, फक्त ऐकलेलं काही नव्हतं.

पुढे कॅलिफोर्नियात पीटर मार्लर यांनी पांढऱ्या पट्ट्याच्या डोक्याची एक चिमणी अभ्यासली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती एकाच जातीच्या या चिमण्या जागा बदलली की वेगळं गातात. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तसंच. 1964 साली मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिलं, की एका गावचं पिल्लू दुसऱ्या गावच्या गाण्यावर वाढवलं तर ते दुसऱ्या गावचं गाणं गातं. ऐकण्याचं वय ठरलेलं असतं. साधारण दहाव्या दिवसापासून पन्नासाव्या दिवसापर्यंत कान उघडा असतो, नंतर हळूहळू बंद होतो. त्या काळात पिल्लू गात नाही, फक्त ऐकतं. मग काही महिन्यांनी तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागतं, चुकतं, परत पुटपुटतं आणि शेवटी ऐकलेल्या गाण्यापर्यंत पोचतं. ज्यांनी घरात वर्ष-दीड वर्षाचं मूल पाहिलं आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

बीएडला असताना आम्हाला 'भाषा अनुकरणाने येते' हे वाक्य पाठ होतं. परीक्षेत त्याला दोन गुण होते. ते वाक्य पक्ष्यांनाही लागू आहे हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ते जास्त मनापासून लिहिलं असतं.

गाण्याचं झालं. पण पक्षी एकमेकांकडून कामंही शिकतात. ब्रिटनमध्ये पूर्वी दूधवाला पहाटे दाराशी दुधाच्या बाटल्या ठेवून जायचा. बाटलीच्या तोंडाला पातळ झाकण आणि झाकणाखाली साय. 1921 साली साउदम्प्टनजवळच्या स्वेथलिंग या ठिकाणी टिट नावाचे छोटे पक्षी बाटलीचं झाकण फोडून साय खाताना दिसले. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत ही युक्ती ब्रिटनभर पसरली. 1949 साली जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी लोकांकडून गोळा केलेल्या नोंदींवरून तिचा नकाशा मांडला. टिट पक्षी आपल्या जागेपासून फार लांब जात नाही. म्हणजे लांबलांबच्या गावांत कुणीतरी एखादा पक्षी नव्याने डोकं चालवत होता आणि आसपासचे त्याच्याकडून घेत होते. पुढे कॅनडातल्या संशोधकांनी असंही दाखवलं, की दुसऱ्याने आधी फोडून ठेवलेलं झाकण समोर आलं तरी काही पक्षी त्यावरून शिकतात. उस्ताद निघून गेला तरी त्याने उघडं ठेवलेलं पुस्तक कामाला येतं म्हणा ना.

त्याच टिट कुळातल्या ग्रेट टिट या पक्ष्यावर ऑक्सफर्डजवळच्या वायथम रानात एक प्रयोग झाला. लुसी ॲप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2015 साली प्रसिद्ध केला. रानातल्या वेगवेगळ्या भागांतून दोन-दोन नर पकडले आणि त्यांना एक डबी उघडायला शिकवलं. डबीचं दार डावीकडेही सरकायचं आणि उजवीकडेही. दोन्ही बाजूंना खाऊ सारखाच, मेहनतही सारखीच. काही भागांतल्या नरांना एक बाजू शिकवली, काहींना दुसरी. मग त्यांना परत सोडलं आणि रानात तशा डब्या ठेवल्या. वीस दिवसांत त्या भागांतल्या सरासरी चारपैकी तीन पक्ष्यांना डबी उघडता येऊ लागली. आणि गंमत अशी, की ज्या भागातल्या पहिल्या दोघांना जी बाजू शिकवली होती, तीच बाजू तिथल्या सगळ्यांची झाली. दुसरीकडूनही दार उघडतं हे कळलेले पक्षीसुद्धा आपल्या भागाचीच रीत पाळत होते. एखादा पक्षी दुसऱ्या भागात राहायला गेला, तर बहुतेक वेळा तिथली रीत उचलायचा. वर्षभरात मधले कितीतरी पक्षी मेले, नवे आले, पण पुढच्या हिवाळ्यात डब्या परत ठेवल्या तेव्हा रीत तीच होती.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण मराठीत म्हणतो. उर्दूत म्हणतात, खरबूजे को देखकर खरबूजा रंग पकडता है. बैल झाले, खरबुजं झाली. दोन्ही म्हणी शिकवताना मी आता टिटची गोष्ट सांगते.

इथवर सगळं गोड आहे. पण सोबतीतून जे येतं ते सगळं गोड नसतं.

अमेरिकेत सिॲटल शहरात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात 2006 साली जॉन मार्झलफ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काही मोजके कावळे पकडले. पायात वाळे घातले आणि सोडून दिले. इजा कुणालाच केली नाही. मात्र पकडताना त्यांनी गुहेत राहणाऱ्या आदिमानवाचा रबरी मुखवटा घातला होता. त्यानंतर तो मुखवटा घालून कुणीही आवारातून चाललं की कावळे वरून आरडाओरडा करायचे, अंगावर झेपावायचे. दुसरा, साधा मुखवटा घालून तोच माणूस गेला तर तसं होत नसे. वर्षं गेली. ओरडणाऱ्या कावळ्यांची संख्या कमी व्हायला हवी होती, कारण पकडले गेलेले थोडेच होते. ती वाढत गेली. पाच वर्षांनी प्रमाण दुपटीहून जास्त झालं होतं. ज्यांना कधी कुणी पकडलं नव्हतं ते ओरडत होते. त्या घटनेनंतर जन्मलेले ओरडत होते. पकडल्याच्या जागेपासून एक किलोमीटरहून लांबचे कावळेही ओरडत होते. आईने त्या चेहऱ्याकडे पाहून गिल्ला केला होता, पिल्लाने तो चेहरा लक्षात ठेवला होता.

कावळ्यांना यात दोष देता येत नाही. रानात राहायचं तर धोक्याची खबर लवकर पसरलेली बरी. प्रत्येक पिल्लाने स्वतः पकडलं जाऊन शिकायचं ठरवलं तर जात टिकायची नाही. पण हे वाचताना मला आमची एक कार्यशाळा आठवली. जिल्ह्याभरातले शिक्षक आले होते. मी मराठी कवितेच्या अध्यापनावर बोलले. जेवणाच्या सुट्टीत एक बाई प्रेमाने जवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही किती छान मराठी बोलता! मुस्लीम वाटतच नाही." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला ठाऊक आहे. त्यांनी नंतर माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणीही खाल्ली. माझे आजे-पणजे याच जिल्ह्यात ज्वारी पिकवत आले, मी मराठी बोलले नसते तर काय बोलले असते, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. मुसलमान मराठी बोलत नाही, ही खबर त्यांना कुठून तरी मिळालेली होती. स्वतःच्या अनुभवातून मिळालेली नसावी, कारण आयुष्यात पहिल्यांदाच एका मुस्लीम बाईशी इतका वेळ बोलतेय असं त्याच मला म्हणाल्या.

हे एकाच बाजूला घडतं असं मात्र समजू नका. माझ्या उर्दू माध्यमाच्या वर्गात दरवर्षी एखादं मूल तरी म्हणतं, "टीचर, मराठी तो उनकी जबान है ना?" ते मूल घरी "नक्को" म्हणतं आणि त्याला हे माहीत नसतं, की ते 'नको' मराठीतून आलं आहे. ते "मैंच करतूं" म्हणतं आणि तो 'च' तर आपला अस्सल मराठी 'च' आहे. बहमनी काळापासून आणि पुढे विजापूर-गोवळकोंड्याच्या दरबारांत ज्या दखनीत शायरी झाली, तिच्या अंगात मराठी अशी मुरलेली आहे. त्या मुलाला भाषा मिळाली सोबतीतून, आणि 'उनकी जबान' हा विचारही मिळाला सोबतीतूनच. एका कानातून दोन्ही गेलं.

सिॲटलच्या कावळ्यांची गोष्ट मात्र इथे थांबली नाही. मार्झलफ आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं ते मुखवटे घालून फिरत राहिले, पण कुणाला पकडलं नाही. काही वर्षांनी ओरडणारे कमी होऊ लागले. सतरा वर्षांनी, 2023 च्या फेरीत, एकाही कावळ्याने गिल्ला केला नाही. धोका परत आला नाही म्हणून खबर विरत गेली. सतरा वर्षं हा कावळ्यांसाठी मोठा काळ आहे. आपल्याला किती लागतील ते आपण आपल्या मुलांसमोर काय बोलतो यावर आहे.

आता ज्या पक्ष्याने माझी झोप उडवली त्याच्याकडे येते.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात रीजंट हनीईटर नावाचा काळा-पिवळा, देखणा पक्षी राहतो. निलगिरीच्या जातीच्या झाडांवर फुलं आली की मध प्यायला येतो. एके काळी त्याचे मोठमोठे थवे असत. शेतीसाठी आणि वस्तीसाठी रानं तोडली गेली आणि आता रानात सुमारे 300 पक्षी उरले आहेत, तेही फार मोठ्या प्रदेशात विखुरलेले. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे रॉस क्रेट्स आणि सहकारी हे पक्षी शोधत रानोरान फिरत होते. त्यांना काही नर भलतंच गाताना आढळले. आवाज फ्रायरबर्डचा, आणि फांदीवर बघावं तर हनीईटर. 2021 साली त्यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचं गाणं त्यांनी नोंदवलं त्यांपैकी 27 टक्के नर आपल्या भागातल्या रूढ गाण्यापेक्षा वेगळं गात होते. आणि साधारण 12 टक्के नर, म्हणजे आठात एक, आपल्या जातीचं गाणं अजिबातच गात नव्हते. ते पूर्णपणे दुसऱ्या जातींच्या पक्ष्यांची गाणी गात होते.

कारण समजून घेण्यासारखं आहे. या पक्ष्यात घरट्यात अंडी-पिल्लं असताना बाप जवळजवळ गप्प असतो. गायला तर शत्रूला घरट्याचा पत्ता लागेल. म्हणजे पिल्लाला गाणं बापाकडून मिळत नाही. घरटं सोडल्यावर आसपासचे जे मोठे नर गात असतात त्यांच्याकडून ते शिकतं. पूर्वी आसपास असे पुष्कळ असायचे. आता पिल्लू उडतं आणि मैलोन्‌मैल त्याच्या जातीचा एकही गाणारा नसतो. त्याचा कान उघडा असतो, त्याला काहीतरी ऐकायचं असतं, मग जे ऐकू येतं ते ते शिकतं. परकं गाणं गाणाऱ्या नराला जोडीदार मिळण्याची शक्यता कमी असते. मादी त्याला ओळखत नाही. जोड्या कमी, मग पिल्लं कमी, मग पुढच्या पिल्लांसाठी गाणारे आणखी कमी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तकं-वह्या तपासायची बाजूला ठेवून गच्चीवर जाऊन बसले. पक्षी जिवंत आहे, गळा शाबूत आहे, आवाज चांगला आहे. गाणं तेवढं गेलं आहे. आणि त्यात त्या पिल्लाचा काडीचाही दोष नाही. ते आळशी नव्हतं, त्याला आपल्या गाण्याची लाज वाटत नव्हती. त्याला ऐकवणारं कुणी उरलं नव्हतं.

आपल्याकडे भाषेबद्दल बोलताना बहुतेक वेळा मुलांना रागावलं जातं. आजकालच्या मुलांना उर्दू नको, मराठी नको, सगळं इंग्रजी हवं. कुणी आईबापांना रागावतं, घरात बोलत नाहीत म्हणून. हनीईटरने मला वेगळं काही सुचवलं. एकट्या घराने भाषा टिकत नाही. तिला गल्ली लागते. माझी नानी जात्यावर ओव्या म्हणायची. त्या ओव्यांत पीर असत आणि विठ्ठलही असे, शब्द दखनी असत आणि सूर शेजारच्या मराठी बायकांचा असे. नानीला ते तिच्या आईने बसवून शिकवलं नव्हतं. चार घरच्या बाया पहाटे दळायला बसत, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून निजलेल्या पोरींच्या कानात ते आपोआप जाई. नंतर गिरणी आली. बायांच्या हातांचे फोड गेले, हे फार चांगलं झालं. ते जातं परत यावं असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण दळणासोबत ती पहाटेची बैठक गेली, आणि बैठकीसोबत ऐकणं गेलं. कुणी ठरवून काही टाकलं नाही.

माझी मुलगी नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. एकदा तिने सरळ विचारलं, "अम्मी, ही सगळी जुनी बोली मला येऊन मिळणार काय?" मी तिला हनीईटरची गोष्ट सांगितली. ती हुशार आहे. म्हणाली, "पण अम्मी, त्या पक्ष्याचं दुसऱ्याची भाषा बोलून नुकसान झालं. माझा तर इंग्रजी बोलून फायदाच आहे."

तिचं बरोबर आहे, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. पक्ष्यांच्या गोष्टी माणसांवर जशाच्या तशा चिकटवता येत नाहीत. तो पक्षी परकं गाणं शिकला, पण आपलं शिकलाच नाही. माणसाच्या पोराच्या डोक्यात तीन-चार भाषा आरामात मावतात. मी स्वतः दखनीत भांडते, उर्दूत पत्र लिहिते, मराठीत विचार करते आणि बँकेत इंग्रजीत सही करते. एक शिकल्याने दुसरी मरते असं मी वर्गात कधी पाहिलं नाही. उलट, बाहेरून आलेल्याने फायदाच होतो असं एक संशोधन टिट पक्ष्यांवरच झालं आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पक्ष्यांच्या काही गटांत अधूनमधून नवे पक्षी आणून सोडले आणि काही गट तसेच बंद ठेवले. खाऊ मिळवायची जास्त सोयीची पद्धत नव्यांची ये-जा असलेल्या गटांनी अधिक उचलली. बंद गट आपल्या जुन्या सवयीला चिकटून राहिले. तेव्हा दारं बंद करून भाषा वाचवा असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही.

मग मुलीला मी काय सांगितलं? फार काही नाही. एवढंच म्हणाले, की इंग्रजीने तुला नोकरी मिळेल, जरूर मिळव. पण तुझ्या नानीने मला रागावताना, लाड करताना, माझ्या लग्नात रडताना जे शब्द वापरले ते इंग्रजीत नाहीत, माझ्या पुस्तकी उर्दूतही नाहीत आणि प्रमाण मराठीतही नाहीत. ते तुला कळले नाहीत तर तुझं पोट भरेल, पण म्हातारपणी मी काय पुटपुटतेय ते तुला समजणार नाही. ती गप्प बसली. पटलं की नाही ठाऊक नाही. नववीतली मुलगी लगेच पटलं म्हणत नसते.

हनीईटरचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात हे पक्षी गेली अनेक वर्षं पिंजऱ्यात वाढवून रानात सोडले जातात. पण पिंजऱ्यात जन्मलेल्या नरांचं गाणं रानातल्यासारखं नव्हतं. म्हणून संशोधकांनी पिल्लांची चक्क गाण्याची शाळा काढली. आधी रानातल्या नरांची ध्वनिमुद्रित गाणी लाउडस्पीकरवर ऐकवली. तेवढ्याने काम झालं नाही. मग रानात जन्मलेले गाणारे नर पिल्लांच्या सोबतीला उस्ताद म्हणून ठेवले. तेव्हा पिल्लं शिकू लागली. आणि एका उस्तादामागे पिल्लं थोडी ठेवली तेव्हा जास्त पिल्लांना गाणं आलं.

हे वाचून मला हसूही आलं आणि पोटात कालवलंही. थोडी मुलं आणि एक उस्ताद, हे त्या पिंजऱ्यात यश आहे. आमच्याकडे त्यालाच घसरलेली पटसंख्या म्हणतात. यंदा आमच्या उर्दू पहिलीत सात मुलं आहेत. पट असाच राहिला तर वर्ग कुणाच्या तरी वर्गात मिसळतील, मग शाळा दुसऱ्या शाळेत मिसळेल, अशी कुजबुज शिक्षकांच्या खोलीत रोज असते. आईबाप मुलांना दुसरीकडे का घालतात हे मला कळतं. मीही माझी मुलगी इंग्रजी माध्यमातच घातली आहे. म्हणून कुणाला नावं ठेवायचा हक्क मला नाही.

पण सात मुलं आहेत तोवर सात मुलांचं तर काही करता येईल. गेल्या दिवाळीनंतर मी मुख्याध्यापकांची परवानगी काढली. शनिवारी सकाळची शाळा असते, शेवटचा तास मोकळा असतो. त्या तासाला मोहल्ल्यातलं एक वयस्कर माणूस येतं आणि मुलांमध्ये बसतं. सहा-सात मुलं, जास्त नाही. फळा नाही, वही नाही, मोबाइलवर रेकॉर्डिंग नाही. कधी खालाबी येतात, त्यांना गोधडीच्या प्रत्येक टाक्याचं नाव माहीत आहे. कधी निवृत्त एसटी कंडक्टर येतात, तालुक्यातल्या प्रत्येक गावची बोली त्यांच्या जिभेवर आहे. एका शनिवारी समोरच्या गल्लीतल्या, आता ऐंशीच्या घरात असलेल्या मराठी आजी आल्या. त्यांना माझ्या नानीच्या पिढीची दखनी अजून येते, शेजारणींशी बोलून बोलून आलेली. मुलं तोंडाचा आ करून ऐकत होती. 'उनकी जबान' आणि 'हमारी जबान' अशी वाटणी त्या तासात कुणाला जमेना.

याने शाळा वाचेल असा माझा दावा नाही. तीनशे पक्ष्यांचं काय होणार हेही ऑस्ट्रेलियातल्या त्या मंडळींना ठाऊक नसताना ती पिंजऱ्यात उस्ताद नेऊन बसवताहेत. गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीची आई सांगत होती, पोरगी घरी सारखी दादीच्या मागे असते, हा शब्द कसा, तो शब्द कसा म्हणून. दादी वैतागली आहे म्हणे. मी म्हटलं, वैतागू द्या, पण सांगायचं थांबू नका म्हणावं.

तुमच्या घरात असं वैतागणारं कुणी असेल, तर येत्या शनिवारी त्यांना घेऊन या. तास साडेदहाला असतो.